हसू कुणाच्या बापाचं?

मी लोकांना हसवून पोट भरतो. अकरा वर्षं झाली. सासुरवाडीत माझा धंदा काय ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. 'जावई कार्यक्रम करतात' एवढ्यावर भागवतात. बिल्डिंगचा वॉचमन 'कॉमेडीवाले' म्हणून हाक मारतो. माझा बाप भायंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात २४ वर्षं पॉलिश मारत होता. घरी यायचा तेव्हा फक्त डोळे पांढरे दिसायचे. तो एकदाच माझा प्रयोग बघायला आला. परतीच्या विरार लोकलमध्ये भायंदर येईस्तोवर गप्प. उतरताना म्हणाला, "तुझ्या आज्याला गावात फुकट सोंग करायला लावायचे. तुला पैशे देतात. बरंय."

हे 'बरंय' मला अजून पचलेलं नाही. त्याच्यावरच लिहितोय. लेख विनोदावर आहे, पण हसू आलं नाही तर तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत.

१

आधी धंदा समजून घ्या. खार-अंधेरीला एखादं कॅफे. चाळीस खुर्च्या, एक माईक, मागे विटांची भिंत. भिंत मुद्दाम तशीच ठेवलेली, म्हणजे गरिबीचा फील येतो आणि कॉफी तीनशेला विकता येते. नव्या पोराला ४ मिनिटं मिळतात, पैसे मिळत नाहीत. काही ठिकाणी उलट त्यालाच भरावे लागतात, नाहीतर सोबत दोन गिऱ्हाईकं आणावी लागतात. वेळ संपत आली की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो. त्याला आम्ही 'लाईट मिळाली' म्हणतो. मग आवराआवर आणि शेवटची विरार पकडायला पळापळ.

आमचं मीरा रोड-भायंदर म्हणजे ह्या धंद्याचं गोदाम. अंधेरी-वर्सोव्याचं भाडं ज्याला झेपत नाही तो सिरियलमधला एक्स्ट्रा, तो मेकअपवाला, तो गाणारा आणि तो जोक मारणारा, सगळे दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे येऊन पडतात. नाका ओलांडला की मुंबई संपते आणि स्वप्नांचं डिपॉझिट जरा कमी होतं. ते डिपॉझिट भरायच्या आधी मात्र एजंट दोन गोष्टी विचारतो. व्हेज का नॉनव्हेज? आणि आडनाव काय?

आता स्टेजवर या. तिथं 'क्राउड वर्क' नावाचा प्रकार असतो. कॉमेडियन पहिल्या रांगेतल्या माणसाला विचारतो, नाम क्या है? पूरा नाम? तो म्हणतो कुलकर्णी. हशा. दुसरा म्हणतो शहा. हशा. शहांवर, कुलकर्ण्यांवर, शर्मांवर जोक तयार असतात, खिशातून काढायचे आणि मारायचे. मग एखादा म्हणतो, कांबळे. आणि तिथं एक सेकंद सगळं बंद पडतं. कॉमेडियनच्या तोंडात माईक तसाच राहतो. मग तो म्हणतो, अच्छा, काम क्या करते हो?

तो एक सेकंद मी अकरा वर्षं मोजतोय. गावात पारावर बसून विचारायचे, कुणाचा रं तू? इथं एसीत बसून विचारतात, पूरा नाम? प्रश्न तोच. फरक एवढाच की इथं त्याचं तिकीट लावलंय.

२

आता मला सांगा, ह्या महाराष्ट्रात माणसांना हसवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या कुणी केलं? गण झाला, गौळण झाली, की सोंगाड्या पुढं यायचा. समोर दोन हजार माणूस, हातात काही लिहिलेलं नाही, जे करायचं ते हजरजबाबीपणावर. ज्याला आज क्राउड वर्क म्हणून हजार-हजाराची तिकिटं लावतात ते दादू इंदुरीकर, कवलापूरचे काळू-बाळू ही माणसं कनातीत उभी राहून करत होती. त्यांच्या विनोदाला 'ग्राम्य' म्हणून नाकं मुरडली. तोच प्रकार इंग्रजी शिव्या घालून आला तेव्हा त्याला 'एजी' म्हणाले.

तमाशाला पेशवाईत आश्रय मिळाला असं मोठ्या कौतुकानं सांगतात. आश्रय कसला? नाचणारी आमची, सोंग काढणारा आमचा, हसणारे ते आणि बिदागी फेकणारेही ते. अंग आमचं, हसू त्यांच्या मालकीचं. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या फडाची जान असलेली पवळा आमची. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. आमच्या बाया नाचवून आलेला पैसा आमच्या मुक्तीला नको होता.

पण म्हणून चळवळीनं हसणं फेकून दिलं का? बिलकुल नाही! सत्यशोधकांनी तमाशाचाच सांगाडा उचलला आणि त्यात भटजीची फिरकी भरली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि नाशिकची मंडळी आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरली. दिवसभर राबलेला माणूस रात्री हसत हसत गुलामी म्हणजे काय ते शिकला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि गिरणगावाला सरकारवर, सावकारावर हसायला शिकवलं. सरकारनं तमाशावर बंदी घातली तर त्यालाच लोकनाट्य म्हणून पुढं नेलं.

म्हणजे हसू दोन जातीचं असतं. एक पाटलाला खूश करतं. दुसऱ्यानं पाटील खुर्चीत चुळबुळ करायला लागतो. आज माझ्या धंद्यातले लोक म्हणतात, कॉमेडीत जात कशाला आणता? अरे, आणता म्हणजे काय? ती आधीपासून पहिल्या रांगेत बसलीय, कॉफी पीत.

आणि मराठीचंही सांगून टाकतो. २०२५ च्या जून-जुलैत आमच्या मीरा रोडला मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला. मग ८ जुलैला, परवानगी नाकारलेली असताना, मराठीचा मोर्चा निघाला. त्या दिवसांत मी एका कार्यक्रमात मराठीत बोललो. नंतर एका गृहस्थांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, "मराठी बाणा आवडला. फक्त ते 'व्हतं' आणि 'पैशे' जरा सुधारा." म्हणजे दुकानदार मराठी बोलला नाही तर त्याला थप्पड आणि मी बोललो तर माझी दुरुस्ती! मग ही मराठी बोलायची कुणी? पु.लं.ची 'बटाट्याची चाळ' मी तीनदा वाचली. पोट धरून हसलो, खोटं कशाला बोलू? पण त्या चाळीत आमचं बिऱ्हाड काही मला सापडलं नाही.

३

दुसऱ्यांना पुष्कळ धुतलं. आता माझी पाळी.

माझा एक हिट तुकडा होता. ७ मिनिटांचा. चौदा एप्रिलची मिरवणूक. डोक्याला निळं उपरणं बांधलेला, दोन घोट लावलेला एक मामा डीजेपुढं नाचतोय. मी त्याची चाल करायचो, त्याचं लडखडणं करायचो, मध्येच हात वर करून जयभीम ठोकणं करायचो. खारला चालला. पवईला चालला. कंपन्यांच्या वार्षिक कार्यक्रमात तर लोक खुर्चीवरून खाली पडायचे. त्या ७ मिनिटांनी माझ्या पोरीची शाळेची फी भरली.

तो मामा खरा होता. माझा सख्खा मामा. त्यानंच मला दहावीची पुस्तकं घेऊन दिली होती, उचल काढून. ते मात्र माझ्या सेटमध्ये नव्हतं. त्याच्यावर पंच बसत नव्हता.

आणि पोस्टरवर माझं आडनावही नव्हतं. फक्त पहिलं नाव, मोठ्या अक्षरात. मी सांगायचो, स्टेजनेम आहे, स्टाईल आहे. घंटा स्टाईल! तो एक सेकंद टाळायचा होता मला, दुसरं काही नाही.

४

गेल्या वर्षी एका ओपन माईकला एक पोरगी आली. बावीस वर्षांची, भायंदर पूर्वेची, म्हणजे माझ्याच बाजूची. आई कंत्राटावर झाडू मारते आणि दोन घरची धुणीभांडी करते. माझा मामाचा तुकडा झाला, लोक हसून हसून दमले. मी खाली उतरलो तर ही जवळ आली. म्हणाली, "दादा, टायमिंग लई भारी. पण तुमचा मामा वर्षाचे बाकीचे ३६४ दिवस काय करतो?"

मी हसलो. काय करणार? अकरा वर्षांत एवढा सरळ कानफटात कुणी मारला नव्हता.

मग तिचं नाव पुकारलं. ४ मिनिटं. हात थरथरत होते, माईक स्टँडवरून निघेना. म्हणाली, "आई कामाला जाते त्या घरी आईचा कप वेगळा ठेवलाय. मी भांडले. आई म्हणाली, भांडू नको गं, एवढ्या मोठ्या घरात फक्त माझाच कप चांगला आहे, बाकी सगळे ह्यांनी उष्टे केलेत." दोन सेकंद शांतता. मग मागच्या कोपऱ्यातून, जिथं कॅफेची वेटर पोरं उभी असतात तिथून, हसू फुटलं. आधी ती हसली. मग खुर्च्या हसल्या, जरा बिचकत.

मग म्हणाली, "लोक म्हणतात, रिझर्वेशनचा डॉक्टर नको. बरं, नको. गटारात उतरायला आमचं शंभर टक्के रिझर्वेशन आहे. त्याच्याविरुद्ध ओपनवाल्यांची एकपण केस नाय कोर्टात. काय राव, तिथं पण या की मेरिटवर!" लाईट मिळाली तेव्हा तिच्याकडं अजून सामान शिल्लक होतं. नमस्कार केला आणि उतरली.

मित्रांनो, मला हेवा वाटला. अस्सल, जळजळीत हेवा. कारण मला लगेच कळलं की ह्या पोरीनं अकरा वर्षांचं काम ४ मिनिटांत केलंय. मी माझ्या माणसाकडं बोट दाखवून त्यांना हसवत होतो. हिनं तेच बोट फिरवलं. तिच्या आईवर कुणी हसलं नाही. तिची आई हसली आणि सगळ्यांना तिच्याबरोबर हसावं लागलं. सोंगाड्या काय करायचा ते मी पुस्तकात वाचलं होतं. त्या रात्री डोळ्यांनी बघितलं.

आता पुढचं ऐका. आयोजकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "टॅलेंट आहे यार. पण कास्ट हेवी हो गया. शनिवारी लोक डेटवर येतात. तिला सांग ना, थोडं रिलेटेबल कर. तू तिच्यातलाच आहेस."

तिच्यातलाच! पोस्टरवर आडनाव नव्हतं, तरी त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. लपवणारा एकटाच खुळा असतो.

आणि मी काय केलं? मी तिला सांगितलं. हो, मी. दादा. स्टेशनच्या पुलावर उभं राहून म्हणालो, "जरा हलकं कर, मग स्पॉट मिळतील." ती म्हणाली, "जड मी केलंय का दादा?" आणि गेली. त्या शनिवारी लाइनअपमध्ये ती नव्हती. मी होतो. २० मिनिटं केली. पाकीट घेतलं. पाकिटात पाच हजार होते. मोजले.

५

तुम्ही म्हणाल, आज उगवत्या कलाकारांचं कौतुक तर फार होतंय. होतंय ना! कौतुकाला काय पैसे पडतात? 'उगवतं टॅलेंट' म्हणतात. उगवतं म्हणजे काय? ती भायंदरला बावीस वर्षं उगवलेलीच आहे, तुम्ही पडदे लावून बसला होता. आणि शब्द बघा कौतुकाचे. 'रॉ आहे.' 'ब्रेव्ह आहे.' 'डोळ्यांत पाणी आलं.' अरे, ती विनोद सांगायला आली होती, तुमच्या डोळ्यांची साफसफाई करायला नाही! आमच्या पोरीला धाडसी म्हणतील, प्रामाणिक म्हणतील, पण विनोदी म्हणणार नाहीत. कारण विनोदी म्हटलं की अक्कल कबूल करावी लागते.

बीडची अंकुर तांगडे, बस्तरचा मनजीत सरकार, मनाल पाटील ही पोरं आज जातीवर बोलून हसवतायत. 'ब्लू मटेरियल' नावानं त्यांनी एकत्र खेळ केले. निळा आपला रंग, आणि ह्या धंद्याच्या इंग्रजीत 'ब्लू' म्हणजे चावट विनोद. नावातच जोक आहे. ह्यांना कुणी घाट बांधून दिला नव्हता. ह्यांनी वाट पाडली.

शिकागोत १९६१ ला डिक ग्रेगरी नावाचा काळा माणूस प्लेबॉय क्लबच्या स्टेजवर चढला. समोर दक्षिणेतून आलेले गोरे व्यापारी. मॅनेजर म्हणाला, आज राहू दे. हा म्हणाला, नाही, आजच. आणि त्याच गोऱ्यांना त्यांच्याच वर्णभेदावर हसवलं. नाव झालं, पैसा आला. पण तो तिथंच गाडीबंगला करून बसला नाही. १९६३ ला बर्मिंगहॅमच्या आंदोलनात तुरुंगात गेला. आपण पँथर हे नाव त्या देशातून घेतलं. तर हेही घ्या की!

आता अभिव्यक्तिस्वातंत्र्यवाल्यांचा हिशोब. २३ मार्च २०२५ च्या रात्री कुणाल कामराच्या एका प्रयोगावरून शिंदेंच्या शिवसैनिकांनी खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन आली. १ जानेवारी २०२१ ला इंदूरला मुनव्वर फारुकीला उचललं, न सांगितलेल्या विनोदासाठी. सुप्रीम कोर्टानं जामीन देईपर्यंत महिना उलटला. हे दोन्ही वेळा मी निषेधात उभा होतो आणि पुन्हा राहीन. स्टेज फोडणाऱ्याच्या बाजूनं मी कधीच असणार नाही.

पण त्या निषेधातल्या मित्रांनो, एक विचारतो. मायावतींच्या रंगारूपावर रणदीप हुडानं मारलेल्या जोकचा जुना व्हिडिओ २०२१ ला वर आला तेव्हा तुमच्यातले किती जण म्हणाले, जाऊ दे ना, जोक होता? दलित बाईच्या चेहऱ्यावर हसणं हे स्वातंत्र्य. दलित बाईनं तुमच्या कपावर हसणं हे 'हेवी'. जमावानं खुर्च्या फोडल्या की तुम्हाला दिसतं. पण लाइनअपमधून एक नाव गुपचूप खोडलं जातं तेव्हा काच फुटत नाही, बातमी होत नाही. त्या सेन्सॉरला ऑफिस नाही, शिक्का नाही. त्याच्या हातात मोबाइलचा टॉर्च आहे, आणि कधी कधी त्याचा निरोप घेऊन जाणारा माझ्यासारखा दादा आहे.

६

आणि आपण? आपली जयंती? आपली स्टेजं? तिथं डीजेला लाख रुपये आहेत, पाहुण्यांच्या शालींना आहेत, बॅनरवरच्या भाईंच्या फोटोंना आहेत. त्या पोरीनं आपल्याच एका मंडळाला १० मिनिटं मागितली. उत्तर आलं, "पवित्र दिवस आहे, चेष्टामस्करी नको. समाजाची बदनामी होते." वा रे वा! जलसा कुठं होत होता मग? ऑपेरा हाऊसमध्ये? बापजाद्यांनी हसून मैदानं भरवली आणि आपण हसणं म्हणजे अपमान असं मानायला लागलो. रडगाणं आणि दणदणाट, मध्ये काहीच नाही. सवर्ण आयोजक म्हणतो, जड आहे. आपला अध्यक्ष म्हणतो, उथळ आहे. पोरीनं जायचं कुठं?

म्हणून लिहितोय. माफीनामा म्हणून नाही. माफी मी तिच्याकडं तोंडानं मागितली, ती काय म्हणाली ते माझ्यापाशी. काम सांगण्यासाठी लिहितोय.

भायंदर पूर्वेला आमच्या एका विहाराच्या मागे खोली आहे. पंधरा बाय वीस. पावसाळ्यात गळते. चाळीस खुर्च्या मंडपवाला भाड्यानं देतो, माईक माझा जुना आहे. तिथं महिन्यातून एक रात्र सुरू करायची ठरवलंय. विटांची भिंत आपोआपच आहे, प्लास्टर कधी झालंच नाही. अटी तीन. स्टेजवर येणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही. डबा फिरवायचा आणि जमेल ते सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. पहिल्या रांगेत धुणीभांडीवाल्या, झाडूवाल्या, गाळ्यातली माणसं बसतील, फुकट. ती हसली तर जोक पास, नाहीतर परत लिहा. आणि कुणी कुणाला 'पूरा नाम' विचारायचं नाही. ज्याला सांगायचं तो ओरडून सांगेल.

माझा मामा येणार आहे. तो ७ मिनिटांचा तुकडा मी फाडला, पण मामाला टाकलेलं नाही. आता त्याचे बाकीचे ३६४ दिवस लिहितोय. अवघड जातंय. नाचण्यावर हसू पटकन येतं, उचल काढून पुस्तकं आणण्यावर येत नाही. पण येईल. तीन ओळी जमल्यात.

ज्यांच्याकडं लाइनअप ठरवायची ताकद आहे त्या माझ्या धंद्यातल्या भावांनो, 'काय टॅलेंट आहे' म्हणून स्टोरी टाकू नका. तुमच्या २० मिनिटांतली ५ सोडा. तुमच्या पाकिटातलं सोडा. नसेल जमत तर निदान निरोप पोचवायला नकार द्या. आणि चळवळीतल्या पोरांनो, तुमच्या वस्तीत जी पोरगी, जो पोरगा चार माणसांत बसून सगळ्यांना लोळवतो, त्याला 'टवाळ' म्हणून गप्प बसवू नका. त्याला खुर्चीवर चढवा.

त्या पोरीचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. मी कोण लिहिणारा? पहिल्या रात्री पहिला स्पॉट तिचा आहे. ती माईकवर सांगेल. आडनावासकट.

जयभीम!